आंतीब: पाच दिवस, सासूबाई आणि भरती न येणारा समुद्र

मुलगा फ्रान्समध्ये सोफिया आंतिपोलिस नावाच्या टेक्नॉलॉजी पार्कमध्ये शिकतो आणि राहतो खाली समुद्रकाठी आंतीब नावाच्या गावात, नीस आणि कानच्या मधे. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघं आणि सासूबाई (वय ७४, इथे बडोद्यात दांडिया बाजारातून शेजारच्या रावपुऱ्यात जायचं तरी रिक्षा) पाच दिवस राहून आलो. आल्यापासून जो तो विचारतोय, म्हाताऱ्या माणसाला नेण्यासारखं आहे का आणि व्हेज मिळतं का, म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवते. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कापला तो जिन्यासाठी, ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट, सोमवारी फिरायला निघू नका. आम्ही रविवारी रात्री पोचलो, सोमवारी मुलगा कॉलेजला, आम्ही तिघं उत्साहात बाहेर पडलो तर पिकासो म्युझियम बंद आणि भाजीबाजारही बंद. म्युझियम सोमवारी बंदच असतं, आणि बाजार उन्हाळ्याचे महिने सोडले तर सोमवारी भरत नाही. बरं, फिरता फिरता अडीच वाजले, भूक लागली, तर हॉटेलवाले म्हणे किचन बंद, आता संध्याकाळी सातला या. तिकडे दुपारचं जेवण म्हणजे बारा ते दोन, त्यानंतर तुम्ही आणि तुमचं नशीब. मग बंदरावर बाक बघून थेपले काढले. समोर कुणाकुणाच्या चार-चार मजली बोटी, त्या धक्क्याला लोक अब्जाधीशांचा धक्काच म्हणतात, आणि इकडे आमचा छुंद्याचा डबा. खरं सांगू, मजा पडली.

तिथेच तटबंदीच्या बुरुजावर समुद्राकडे तोंड करून बसलेला एक आठ मीटर उंचीचा पांढरा माणूस आहे, नुसत्या अक्षरांचा बनवलेला, आतून पोकळ, आत जाऊन उभं राहता येतं. जाउमे प्लेन्सा नावाच्या स्पॅनिश शिल्पकाराचं काम. सासूबाई आत जाऊन मान वर करकरून बघत होत्या, आम्हाला वाटलं भारावल्या, तर त्या मराठी अक्षर शोधत होत्या. एकही नाही. तिकीट नाही, संध्याकाळी जा, उजेड छान असतो.

मंगळवारी बाजार. लोखंडी छपराखाली सकाळी भरतो, दुपारी सगळं आवरलेलं असतं. आपलं खंडेराव मार्केट डोळ्यासमोर आणा आणि आवाज निम्मा करा. ऑलिव्हचे दहा-बारा प्रकार, चीज, लसणाच्या माळा, लव्हेंडर. दोन गोष्टी लक्षात ठेवा. आधी "बोंजूर" म्हणायचं, मग भाव विचारायचा, नाहीतर चेहरा पडतो समोरच्याचा. आणि फळं-भाज्या आपण हाताळायच्या नाहीत, तो निवडून देतो. आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) सवयीने टोमॅटो दाबला आणि भाजीवाली बाई जे काही बोलली ते मुलाने आम्हाला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

व्हेजवाल्यांनी इथे नीट वाचा. सोक्का नावाचं जे मिळतं ते म्हणजे बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह ऑइल, मोठ्या थाळ्यात पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं, वरून मिरपूड, कागदात गरम गरम. सासूबाईंनी पहिला घास खाल्ला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर धिरडं!" पाच दिवसांत रोज खाल्लं. पानिस म्हणून अजून एक असतं, बेसनाचं पीठ शिजवून, थापून, कापून तळतात, पाटवडी तळली तर जसं होईल तसं. म्हणजे चण्याच्या डाळीवर वाढलेल्या माणसाची तिथे उपासमार होत नाही. पण कांद्याचा पिझ्झा दिसला म्हणून लगेच घेऊ नका, पिसालादिएर म्हणतात त्याला, त्यात अँचोव्ही नावाचे खारवलेले छोटे मासे असतात. ऑलिव्हच्या काळ्या चटणीतही बऱ्याचदा तेच. पां बान्या नावाच्या सँडविचमध्ये ट्यूना. विचारूनच खा, आम्ही एकदा फसलो, आईंना अजून सांगितलेलं नाही.

पिकासो म्युझियम मात्र खास त्यासाठी जावं असं. आपण बडोद्याचे, फाईन आर्ट्सची प्रदर्शनं आणि कीर्ती मंदिरातली नंदलाल बोसांची चित्रं बघत मोठे झालो, तरी हे वेगळंच होतं. समुद्राला लागून ग्रिमाल्दी किल्ला, १९४६ साली पिकासोला तिथे काम करायला जागा दिली, दोनेक महिने राबला. युद्ध नुकतंच संपलेलं, कॅनव्हास नाही, रंग नाहीत, तर हा पठ्ठ्या बोटींना लावायचा रंग घेऊन प्लायवूडवर आणि सिमेंटच्या पत्र्यांवर रंगवत बसला. जाताना २३ चित्रं आणि ४४ रेखाटनं गावातच ठेवून गेला. एका मोठ्या चित्रात मधे नाचणारी बाई, उड्या मारणाऱ्या बकऱ्या, बाजूला बासरीवाले. सासूबाई म्हणाल्या, "कृष्णच आहे हा, गायींच्या जागी बकऱ्या आहेत इतकंच." गच्चीवर पुतळे आणि मागे निळा समुद्र, तिथे अर्धा तास बसा. म्युझियम छोटं आहे, दीड तासात होतं.

आता समुद्र. आपला समुद्र म्हणजे गुजरातचं कावी-कंबोई, तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीला अख्खं पाण्यात जातं आणि ओहोटीला पुढे नुसता चिखल. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं, त्यामुळे भरती-ओहोटीत दहा मीटरच्या वर फरक पडतो. त्यामुळे आई पहिल्या दिवशी ग्राव्हेत बीचवर पाण्यापासून शंभर पावलं लांब बसल्या, चपला पिशवीत, "भरती कधी आहे ते विचार." मुलाने समजावलं की भूमध्य समुद्र जवळजवळ बंद तलावच आहे, जिब्राल्टरची चिंचोळी फट तेवढी उघडी, भरती वीतभर कशीबशी. विश्वास नाही बसला. मग रोज संध्याकाळी चपला थोड्या पुढे सरकत गेल्या. हा बीच तटबंदीखाली, फुकट, वाळूचा, लाटा जवळपास नाहीत, गुडघ्याएवढ्या पाण्यात म्हातारी माणसं आरामात उभी राहतात. नीसला गोटे आहेत, तिथे आईंना नेलं नसतं.

केप द आंतीबची किनाऱ्याची पायवाट आम्ही दोघांनीच केली. गारूप बीचपासून सुरू होते, एका बाजूला श्रीमंतांच्या बंगल्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला खाली आपटणारं पाणी. पायऱ्या, उघडे खडक, सावली नाही, बूट घाला, आणि वारा जास्त असेल तर बंद ठेवतात, निघण्याआधी बघून घ्या. गुडघे दुखत असतील तर अजिबात नको. फोर कारे हा चांदणीच्या आकाराचा किल्ला आम्ही बाहेरूनच बघितला, नेपोलियनला काही दिवस तिथे कोंडलं होतं म्हणतात. शेजारच्या झ्वां-ले-पँला जुलैत मोठा जॅझ महोत्सव असतो, १९६० पासूनचा, त्या दिवसांत खोल्या महाग.

खोलीवरून आठवलं. जुन्या गावात भाड्याने घर घेतलं, फोटोत सगळं दिसत होतं, जिना सोडून. चौथा मजला, गोल गोल दगडी जिना, लिफ्ट नाही. फोनवर मालक म्हणाला, जुन्या गावात लिफ्ट कोणाकडे असते? खरंही असेल, पण आधी लिहायला काय जातं. आई दिवसातून एकदाच उतरायच्या, एकदाच चढायच्या. तुम्ही स्टेशनजवळ नवीन इमारतीत घ्या, चालत दहा-पंधरा मिनिटं.

घरी आल्यावर सोक्का दोनदा करून बघितला. तव्यावर नाही होत, ओव्हनमध्येही नाही, आच तेवढी मिळत नाही. धिरडंच होतं. आई म्हणतात मग कोथिंबीर-मिरची घाल ना.