६८ टेस्ट ७९९ रुपयात, आणि नळी एकच

अप्पा म्हणजे माझे सासरे, वय ७४, शुगर १८ वर्षं जुनी. दर ३ महिन्यांनी फास्टिंग म्हणजे उपाशीपोटीची शुगर, पीपी म्हणजे जेवणानंतर २ तासांची, आणि एचबीए१सी म्हणजे मागच्या काही महिन्यांची सरासरी, एवढं करायचं हे ठरलेलं, पण गुडघे धरलेत त्यामुळे एका दिवसात दोनदा रिक्षा करून लॅबला जायचं म्हटलं की कुरकुर सुरू. त्यात आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, ६८ टेस्ट ७९९ मध्ये, घरी येऊन सॅम्पल नेणार, आणि मीच बुकिंग केलं, सो पहिली चूक माझी. पैसे आधी मागितले, यूपीआयवर लॅबऐवजी कुठल्यातरी माणसाचं नाव आलं, तेव्हाच थांबायला हवं होतं, पण कुकर लावायचा होता, केलं पे.

फोनवरची बाई म्हणाली रात्री ७ नंतर काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही, आमचा मुलगा सकाळी ७ ला येईल. आता कळतंय की हे तिच्या मनाचं होतं. फास्टिंगला ८ ते १२ तास पुरतात, साधं पाणी चालतं, उलट प्यायलेलं बरं, शीर पटकन सापडते. आणि एचबीए१सीला उपाशी राहायची गरजच नसते, तो मागच्या २-३ महिन्यांचा हिशोब असतो, काल रात्री काय खाल्लं त्याचा नाही.

सात वाजले, आठ वाजले, मुलाचा पत्ता नाही. अप्पांनी साडेसातला सवयीने शुगरची गोळी घेतली. मी ओरडले तर म्हणाले, "गोळीला काय खाणं म्हणतात का?" साडेनऊला बघते तर खुर्चीत घामाने चिंब, हात थरथरतायत, घरच्या मशीनवर शुगर ५८, म्हणजे खूपच खाली! तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, १५ मिनिटांनी परत मोजली तेव्हा ८१ आली आणि मग माझ्या जिवात जीव आला. फास्टिंगच्या दिवशी सकाळची गोळी किंवा इन्सुलिन रक्त देऊन झाल्यावर, खाण्यासोबत घ्यायचं असतं, पण तुमचं तुमच्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा प्लीज, आम्ही विचारलं नव्हतं.

मुलगा सव्वादहाला उगवला. मी सांगितलं अहो यांनी साखरपाणी घेतलंय, आता कसलं फास्टिंग. तो म्हणे "चालतंय मॅडम". एक नळी भरली, जांभळ्या झाकणाची, नेमका माझ्या गाऊनचा रंग म्हणून लक्षात राहिला. नाव-बिव काही लिहिलं नाही नळीवर, शर्टाच्या खिशात टाकली आणि पीपीला १ वाजता येतो म्हणून गेला. पीपीचे २ तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, म्हणून अप्पा बरोबर ११ ला पोळीभाजीला बसले, नंतर डुलकीपण काढली नाही बिचाऱ्यांनी. मुलगा काही आला नाही. फोन बंद.

आणि ४ वाजता रिपोर्ट हजर! रंगीत, १४ पानी. फास्टिंग ९६. पीपी १३८. जे रक्त घेतलंच नाही त्याचा आकडा. एचबीए१सी ६.१. अप्पा इतके खूश की म्हणाले आज आमरस होऊन जाऊ दे.

मला पीपीचं खटकलं होतंच, पण खरा घोळ डॉक्टरांनी काढला. त्यांनी विचारलं नळ्या किती घेतल्या, झाकणं कुठल्या रंगाची. मी म्हटलं एकच, जांभळी. तर ते हसायलाच लागले. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, ते पोटॅशियमचाच क्षार आणि वर कॅल्शियम धरून ठेवतं. त्या रक्तावर खरंच टेस्ट केली असती तर पोटॅशियम आभाळाला भिडलं असतं आणि कॅल्शियम जवळपास गायब. आमच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ४.२, कॅल्शियम ९.४, दोन्ही एकदम छान. म्हणजे मशीनचं तोंडही न बघता कोणीतरी बसून आकडे टाईप केलेत. जांभळी नळी एचबीए१सीला बरोबर असते, पण साध्या शुगरला करड्या झाकणाची लागते, तिच्यात फ्लोराइड असतं, नाहीतर रक्तातल्या पेशीच वाटेत साखर खात बसतात आणि आकडा कमी येतो.

दोन दिवसांनी अप्पांना रिक्षाने नीट लॅबमध्ये नेलं. एचबीए१सी ८.९, म्हणजे शुगर चांगलीच वाढलेली. डॉक्टर म्हणाले, ६.१ चा कागद आणि मशीनवरचं ५८ एवढंच समोर आलं असतं तर मी गोळी कमीच केली असती. हे ऐकून माझे हातपाय गार पडले, कारण ७९९ गेले ते गेले, पण ८.९ वर गोळी कमी म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

रिपोर्टवर एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा शिक्का होता, त्यांच्या साइटवर शोधलं तर त्या नावाची लॅबच नाही. खाली सही नुसती, डॉक्टरचं नाव नाही की रजिस्ट्रेशन नंबर नाही. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलंय की रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पोस्ट ग्रॅज्युएशन केलेल्या रजिस्टर्ड डॉक्टरचीच सही लागते, पण आपण सरळ ठळक अक्षरातले आकडे बघतो, खाली कोण जातंय.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, पैसे अजून आलेले नाहीत. ग्रुपवर सांगितल्यावर बी विंगमधल्या काकू म्हणाल्या अगं माझाही रिपोर्ट त्यांचाच. उघडून बघितला तर पोटॅशियम ४.२, कॅल्शियम ९.४.