आयर्नवुल्फ 4 टीबी: घरच्या नॅसमध्ये बदली डिस्क म्हणून कशी आहे?

दोन खणांच्या सिनॉलॉजी नॅसमधली (नेटवर्कवरून फाइली साठवायची पेटी, जिच्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा असतो) एक डिस्क गेली, तर तिच्या जागी सीगेटची आयर्नवुल्फ 4 टीबी, मॉडेल एसटी4000व्हीएन006, बिनधास्त घ्यावी. मिनिटाला 5400 फेरे, 256 एमबी कॅश, तीन वर्षांची वॉरंटी आणि मुख्य म्हणजे सीएमआर रेकॉर्डिंग, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणं. तालुक्याच्या फोटो स्टुडिओला किंवा घरच्या वापराला यापेक्षा महागडी प्रो डिस्क लागत नाही. "नवी डिस्क नॅस घेतच नाही" ही तक्रार मात्र वारंवार येते, आणि डिस्क परत पाठवण्याआधी बाकीच्या गोष्टी तपासल्याच पाहिजेत.

आधी खरेदीचं. वेस्टर्न डिजिटलची घ्यायची असेल तर डब्यावर "रेड प्लस" लिहिलेलं पाहा. नुसत्या "रेड"मधली डब्ल्यूडी40ईएफएएक्स एसएमआर आहे, हे कंपनीने 2020 मध्ये कबूल केलं. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात. रिपेअरच्या वेळी, म्हणजे उरलेल्या डिस्कवरचा डेटा नव्या डिस्कवर उतरवताना, तासन् तास सलग लिहिणं चालतं, तेव्हा तिचा वेग कोसळतो. सीगेटची 4 टीबी बाराकुडा, एसटी4000डीएम004, हीसुद्धा एसएमआरच. दुकानदार "सारखीच आहे, स्वस्त पडते" म्हणाला तरी नॅससाठी घेऊ नका.

डिस्क बदलताना सर्वात महागात पडते ती चुकीची डिस्क काढणं. खण डावा की उजवा यावर जाऊ नका. नॅसच्या स्टोरेज मॅनेजरमध्ये खराब डिस्कचा सिरियल नंबर पाहा आणि ट्रेमधल्या स्टिकरशी शेवटची चार अक्षरं जुळवा. सिनॉलॉजीच्या डीएस223 मॉडेलमध्ये ट्रे चालू नॅसमधून निघतो. डीएस223जे मात्र बंद करून, झाकण उघडूनच डिस्क बदलावी लागते. त्याआधी महत्त्वाचा डेटा यूएसबी डिस्कवर उतरवून घ्या. रिपेअर म्हणजे उरलेली जुनी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचणं, आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या फाइलींखालचे खराब सेक्टर नेमके तेव्हाच वर येतात. रिपेअर दर वेळी एकाच टक्क्यावर अडकत असेल तर जुन्या डिस्कच्या स्मार्ट माहितीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) 197 नंबरचा आकडा, पेंडिंग सेक्टर म्हणजे नीट वाचता न येणारे सेक्टर, पाहा. तो शून्य नसेल तर दोष नव्या डिस्कचा नाही.

नवी डिस्क दिसतच नसेल तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्या. डीएस223 चा अडॅप्टर 12 व्होल्ट, 5 अँपिअरचा असतो. डिस्क फिरायला लागताना एकेक डिस्क 12 व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. कमी-जास्त व्होल्टेज खाऊन थकलेला अडॅप्टर तेवढं देऊ शकत नाही. मग टक्-टक् आवाज येतो, डिस्क फिरते, थांबते, पुन्हा फिरते. डिस्क स्वतःचा अडॅप्टर असलेल्या यूएसबी डॉकला लावून कॉम्प्युटरवर पाहा. तिथे शांतपणे चालली तर नॅसला त्याच रेटिंगचा नवा अडॅप्टर लावा.

डिस्क दिसते पण रिपेअरचा पर्याय येत नाही, तेव्हा क्षमता पाहा. 4 टीबी म्हणजे 512 बाइटचे 7,814,037,168 सेक्टर, सगळ्या कंपन्यांचे सारखेच, आणि पडद्यावर ते 3.6 टीबी दिसतात. ही तूट नाही. पण 6 टीबीच्या जागी 4 टीबी चालणार नाही. उलट चालतं, फक्त जास्तीची जागा दुसरी डिस्कही मोठी होईपर्यंत वाया जाते.

स्मार्ट माहितीतला 199 नंबरचा सीआरसी एरर, म्हणजे डिस्क आणि नॅसमधल्या वाटेवर डेटा बिघडल्याची मोजणी, वाढत असेल तर कनेक्टरचा संपर्क बघा. कापसाच्या हंगामात, विशेषतः जिनिंगच्या आसपासच्या गावांत, रुईचे तंतू फॅनच्या जाळीवर जाड थर धरतात. कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नॅस कूलरच्या झोतात तर कधीच ठेवू नका. चंद्रपूर, अकोल्याच्या 45 अंशांत तो मोह होतो, पण ओली हवा आणि खारं पाणी संपर्कांवर पांढरा थर आणतात. जाळी साफ आणि मागे वीतभर मोकळी जागा ठेवून डिस्कचं तापमान 50 अंशांच्या खाली राखा. सीगेटमध्ये रॉ रीड एरर रेटचा भलामोठा आकडा पाहून घाबरू नका, तो तसाच असतो.

रिपेअरला नॅसवर दुसरं काम नसताना आठ ते बारा तास धरा. सुरुवातीला वेग चांगला असतो, शेवटी जवळपास निम्म्यावर येतो, कारण डिस्कच्या आतल्या ट्रॅकवर एका फेऱ्यात कमी डेटा बसतो. हा बिघाड नाही. मध्येच लाइन गेली तर काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं, म्हणून लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून सुरू करा. इन्व्हर्टरचा स्विच यूपीएस मोडवर हवा. साध्या मोडमध्ये पालट व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात नॅस रीस्टार्ट होतो. यूएसबी डेटा पोर्टचा यूपीएस असेल तर फारच उत्तम, बॅटरी संपत आली की नॅस स्वतःच नीट बंद होतो.

नागपूरला बर्डीवर घ्या किंवा ऑनलाइन, पाकीट फोडण्याआधी सिरियल नंबर सीगेटच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे का बघा. वापरलेल्या सीगेट डिस्क तासांचा आकडा शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्याची प्रकरणं 2025 च्या सुरुवातीला उघड झाली होती. डिस्क तपासणाऱ्या स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरच्या 7.4 पासूनच्या आवृत्तीत फार्म लॉग, म्हणजे सीगेट डिस्कची स्वतःची वेगळी नोंद, वाचता येतो. त्यातले तास आणि स्मार्टमधले तास जुळले नाहीत तर डिस्क त्याच दिवशी परत करा.