एसएटीची त्रिकोणमिती: खान अकॅडमी आणि ब्लूबुक, काही महिन्यांच्या वापरानंतर

एसएटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्या गणितासाठी गेले काही महिने मी खान अकॅडमीचा मोफत ऑनलाइन कोर्स आणि ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचं ब्लूबुक ॲप, दोन्ही सोबत वापरतेय. इथे लिहितेय ते फक्त काटकोन त्रिकोणाच्या त्रिकोणमितीबद्दल. भूमिती आणि त्रिकोणमिती मिळून ४४ पैकी ५ ते ७ प्रश्न असतात, म्हणून बरेच जण हा भाग शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. मला ते अजिबात पटत नाही. संकल्पना मोजक्या, आकडेमोड थोडी, आणि एकदा समजलं की गुण हातचे जात नाहीत.

खान अकॅडमीवर हा विषय पायाभूत, मध्यम आणि प्रगत अशा तीन पातळ्यांवर येतो. पायाभूत पातळीवर व्याख्या आहेत: साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, कोसाइन म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण, टॅन्जंट म्हणजे समोरची भागिले लगतची. हे एका बैठकीत पाठ होतं. पण तेवढ्यावर थांबलं तर पुढच्या पातळीला गाडी अडते, कारण तिथे खरा मुद्दा येतो: गुणोत्तर कोनाचं असतं, बाजूंची लांबी कितीही असो. ५, १२, १३ बाजूंचा त्रिकोण घ्या, की त्याच्या तिप्पट १५, ३६, ३९ चा; दोन्हीत सर्वांत लहान कोनाचं साइन ५/१३ च. समरूप त्रिकोण देऊन दुसऱ्याच त्रिकोणातल्या कोनाचं गुणोत्तर विचारणारे प्रश्न त्यामुळे बघता बघता सुटतात.

एक नमुना देते. त्रिकोण अबक मध्ये क हा काटकोन आहे आणि साइन अ = ५/१३. तर टॅन ब किती? इथे कोन शोधायची गरजच नाही. आकृती काढायची, अ च्या समोर ५, कर्णावर १३ लिहायचं, पायथागोरसने तिसरी बाजू १२ येते. आता ब च्या कोपऱ्यात बसून बघायचं: समोर १२, लगत ५. उत्तर १२/५. कोन बदलला की समोरची आणि लगतची बाजू आपसात बदलतात, कर्ण जागचा हलत नाही. आकृती न काढता तोंडी सोडवायला गेलं की नेमकं इथेच घसरायला होतं, म्हणून कच्च्या कागदावर त्रिकोण काढाच.

याच अदलाबदलीतून या परीक्षेचा आवडता नियम निघतो: एका लघुकोनाचं साइन म्हणजे त्याच्या कोटिकोनाचं (९०° पुरे करणाऱ्या कोनाचं) कोसाइन. साइन (२क + १५)° = कोसाइन (४क − ९)° आणि दोन्ही लघुकोन, असं दिलं की बेरीज ९०° मांडायची: ६क + ६ = ९०, क = १४. असे प्रश्न दिसायला भारी, सुटायला अर्धं मिनिट.

ब्लूबुकमधल्या सूत्रांच्या पानावर पायथागोरसचं प्रमेय आणि ३०-६०-९०, ४५-४५-९० हे दोन खास त्रिकोण आहेत. साइन-कोसाइनच्या व्याख्या मात्र नाहीत, त्या डोक्यातच हव्यात. डेस्मॉस कॅल्क्युलेटर ॲपमध्येच मिळतो. सुरुवातीलाच तो अंशांवर आहे की रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) ते बघून घ्या. साइन ३० ला ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आलं, तर तो रेडियनवर आहे.

मधल्या काळात एक पैसे देऊन घेतलेलं फ्लॅशकार्डांचं ॲपही वापरलं. त्यात सूत्रंच सूत्रं, आकृती जवळपास नाहीच. ते बंद केलं आणि काही अडलं नाही.

ब्लूबुकच्या सराव चाचण्या मी जपून वापरते. खऱ्या परीक्षेसारख्याच त्या जुळवून घेतात, म्हणजे पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. रोजच्या सरावाला खान अकॅडमी पुरेशी आहे. समरूपता कच्ची असेल तर आधी तो धडा करा, मग त्रिकोणमितीला हात घाला. उलट क्रमाने गेलात तर सगळं घोकावं लागेल.