लँडलाईन फायबरवर नेल्यानंतर: शहापूरच्या घरातला अनुभव

पावसाळा, गणपती, दिवाळी आणि आता वळीव, एवढं सगळं या फोनवर निघालं, म्हणून लिहितोय. बेळगावात शहापूर भागात आमचं जुनं कौलारू घर. भिंती जाड, माजघरात मोबाईलची रेंज टिकत नाही. आईला टचस्क्रीन जमत नाही, आणि निपाणीची मावशी, चंदगडची मामी, सगळ्यांच्या वहीत ०८३१ चा तोच जुना नंबर. फोन काढून टाकणं शक्यच नव्हतं.

नंबर तोच राहिला, कारण कंपनी तीच ठेवली. कंपनी बदलून नंबर सोबत न्यायची सोय आपल्याकडे मोबाईलला आहे, लँडलाईनला नाही. दुसऱ्या कंपनीचा प्लॅन बघताना हे आधी लक्षात घ्या.

आवाजाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. तांब्याच्या तारेवर मृग लागला की जोडात पाणी शिरायचं आणि खरखर सुरू व्हायची. फायबर काचेचं, त्याला ओल बाधत नाही. आईला आता मावशीचं बोलणं एका दमात ऐकू येतं. मुलगा वर त्याच फायबरच्या इंटरनेटवर मॅच बघत बसला तरी आवाज तुटत नाही. बोलण्याला लागतात सेकंदाला जेमतेम शंभर किलोबिट, म्हणजे इंटरनेटचा अगदी थोडा वाटा.

आता खरी गोष्ट लाईटची. जुन्या फोनला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून ४८ व्होल्ट तारेतूनच यायचे. गावभर अंधार असला तरी फोन चालू. काचेतून वीज येत नाही, त्यामुळे फायबर आणि फोन ज्याला जोडतात तो घरातला डबा घरच्या लाईटवर चालतो, आणि लाईट गेली की फोन गेला. वळवाच्या पहिल्याच वादळात रात्री तसंच झालं. आईच्या दम्यामुळे ती रात्र मला फार जड गेली. दुसऱ्या दिवशी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर डबा चालू ठेवणारी छोटी बॅटरी, आणला. डब्याच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, ते वाचूनच घ्या. आता काही तास निभावतं. ही गोष्ट जोडणी करायला आलेल्या माणसाने आपणहून सांगायला हवी होती.

दुसरी अडचण दुरुस्तीची. झाडाची फांदी पडून केबल तुटली, तर पूर्वीसारखं पक्कड घेऊन जोडता येत नाही. काच वितळवून सांधायचं मशीन लागतं, आणि ते येईपर्यंत वाट बघावी लागते.

बटणांचा जुना फोन डब्याला थेट लागला. आजोबांचा फिरत्या डायलचा फोन मात्र वाजतो, उचलून बोलता येतं, पण त्यावरून नंबर लागत नाही. मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावायचा २०२१ पासूनचा नियम इथेही तसाच आहे.

घरात वयस्कर माणूस असेल तर जोडणीच्या दिवशीच यूपीएस लावून घ्या, आणि अधूनमधून मेन स्विच बंद करून फोन लागतो का ते बघत जा.