जर्मनीत बेकारी भत्ता घेताना शनिवारचं काम: रोजगार कार्यालयाच्या पोर्टलचा अनुभव

पाचपैकी चार तारे.

श्टुटगार्टमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतून माझी नोकरी गेली आणि आर्बाइट्सलोझनगेल्ड, म्हणजे बेकारी भत्ता, सुरू झाला. मुलगी शाळेत आहे, म्हणून आधीच्या निव्वळ पगाराच्या ६७ टक्के; मूल नसेल तर ६० टक्के. घरात बसून डोकं भणभणायला लागलं, तेव्हा बाड कान्श्टाटच्या एका बेकरीत शनिवारी सकाळी काउंटरवर उभी राहायला लागले. "अगं, भत्ता घेतेस आणि काम पण करतेस? पकडतील!" नाशिकहून आईचा फोन. नाही पकडत. फक्त कामाचा पहिला दिवस उजाडण्याआधी कळवायचं.

आगेन्तूर फ्यूर आर्बाइटच्या, म्हणजे रोजगार कार्यालयाच्या, पोर्टलवर ते काम खरंच सोपं आहे. लॉगिन करून 'बदल कळवा'मध्ये जायचं. मालकाचं नाव-पत्ता, कधीपासून, आठवड्याला किती तास, पैसे किती. झालं. कार्यालयात खेटे नाहीत.

खरी गंमत हिशेबात आहे. आठवड्याला १५ तासांच्या आत राहायचं. १५ भरले की कायद्याने तुम्ही बेकार नाही: भत्ता बंद, त्यासोबतचा आरोग्य विमाही बंद. आणि कमाईतले महिन्याला १६५ युरो आपले, वरचे सगळे भत्त्यातून वजा. २०२६ चं किमान वेतन तासाला १३.९० युरो. सहा-सहा तासांचे दोन शनिवार केले की १६६.८० (पेन्शनच्या वर्गणीतून मी सूट घेतलीय, म्हणून हातातही तेवढेच). म्हणजे १ युरो ८० सेंट जास्त! पण कामावर जाण्यायेण्याचं भाडं कमाईतून आधी वजा करता येतं, हे फोनवरच्या सल्लागार बाईंनी आपणहून सांगितलं. एस-बानची (लोकल गाडीची) तिकिटं दाखवली, काही कापलं गेलं नाही. त्या बाईंना पूर्ण मार्क.

एक मैत्रीण म्हणाली, मिनिजॉबला (कमी कमाईच्या छोट्या कामाला) महिन्याला ६०३ युरोंपर्यंत चालतात, मग तेवढं कर की. केलं असतं तर त्यातले ४३८ भत्त्यातून गेले असते. एकतीस तास फुकट पाव विकायची हौस मला नाही. हां, नोकरी जाण्याआधीच्या १८ महिन्यांत किमान १२ महिने तुम्ही असं जोडकाम करतच होता, तर त्याची तेव्हाची कमाई १६५ च्या वर असली तरी मोकळी राहते. हे नक्की तपासा, अनेकांना माहीत नसतं.

कमाईचा दाखला २०२३ पासून मालकाने ऑनलाइनच पाठवायचा असतो. आमच्या बेकरीवाल्यांना मात्र दर महिन्याला आठवण करावी लागते. "हो हो, उद्या," म्हणतात आणि पीठ मळायला जातात. भत्ता महिनाअखेरीस येतो, तोवर माझा जीव टांगणीला.

एक तारा कापला तो पत्रांच्या भाषेसाठी. फॉर्म कसाबसा भरता येतो, पण निर्णयाची पत्रं सरकारी जर्मनमध्ये येतात. जर्मनची बी-१ (मध्यम पातळीची) परीक्षा झालेल्याचाही त्यांच्यापुढे घाम निघतो.

ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कामगारांच्या परवान्यावर) असाल तर जोडकामाआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारा. माझ्याकडे कायमचा परवाना आहे, त्यामुळे मला ती पायरी लागली नाही.