सॉफ्टवेअर वाद्ये: संगणकातच ठेवावीत की ॲनालॉग यंत्रांतून फिरवावीत?

सॉफ्टवेअर वाद्याचा, म्हणजे संगणकावरच वाजणाऱ्या वाद्याचा ध्वनी प्लगइनच्या (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) आधारे संगणकातच घडवावा, की इंटरफेसमधून (संगणकात ध्वनी आत-बाहेर नेणाऱ्या पेटीतून) बाहेर काढून ॲनालॉग कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवळणारे यंत्र), प्रीॲम्प (क्षीण संकेत वाढवणारे यंत्र) किंवा गिटार ॲम्पमधून फिरवून परत आत घ्यावा, हे ठरवताना माझ्या मते पहिला प्रश्न वाद्याबद्दलचा असायला हवा, यंत्राबद्दलचा नव्हे. नमुन्यांवर आधारलेला ग्रँड पियानो मुळातच एखाद्या खोलीत, चांगल्या माइकसमोर आणि प्रीॲम्पमधून ध्वनिमुद्रित झालेला असतो, त्यामुळे त्याला पुन्हा ॲम्प आणि खोली दाखवली तर एका खोलीवर दुसरी चढते आणि आवाज गढूळ होतो. याउलट गणिताने निर्माण होणाऱ्या सिंथच्या (सिंथेसायझरच्या) ध्वनीने हवा कधी पाहिलेलीच नसते. ऱ्होड्ससारखा इलेक्ट्रिक पियानो तर प्रत्यक्षातही पिकअप (कंपनांचा विद्युत संकेत करणारा भाग) आणि बहुधा ॲम्पमधून ऐकला जात आला आहे, म्हणून त्याच्या सॉफ्टवेअर आवृत्तीला स्पीकर मिळाला की तिला तिचा हरवलेला अर्धा भाग मिळतो.

संगणकातच काम करण्याची बाजू भक्कम आहे. एकाच प्लगइनच्या दहा प्रती दहा ट्रॅकवर लावता येतात, सहा महिन्यांनी प्रकल्प उघडला तरी सगळे जसेच्या तसे मिळते, आणि गायकाने पट्टी बदलायला सांगितली तर एका मिनिटात बदलता येते. हार्डवेअरचा हिशेब वेगळा असतो. कॉम्प्रेसर एकच असेल आणि चार मिनिटांच्या गाण्यातले चार ट्रॅक त्यातून काढायचे असतील, तर ते एकामागून एक, प्रत्यक्ष वेळेत, म्हणजे किमान सोळा मिनिटे वाजवावे लागतात. ज्यांच्याकडे जाहिरातींचे किंवा मालिकांचे काम येते आणि रोज दुरुस्त्या येतात, त्यांनी माझ्या मते संगणकातच राहावे.

रॅकमधल्या, म्हणजे मांडणीत बसवायच्या कॉम्प्रेसर-प्रीॲम्पसारख्या यंत्रांबाबत माझे मत थोडे सावध आहे. १९६७ साली आलेला ११७६ हा कॉम्प्रेसर घेतला, तर त्याचा सर्वांत जलद अटॅक (आवाज वाढताच तो आवळायला लागणारा वेळ) २० मायक्रोसेकंदांचा आहे आणि सिंथ बासवर तो जो ठोसकपणा आणतो तो खरोखर सुंदर असतो. पण त्याच्या आजच्या चांगल्या प्लगइन प्रती इतक्या जवळ पोहोचल्या आहेत की पूर्ण मिश्रणात फरक ओळखणे अवघड जाते. ट्रान्सफॉर्मर असलेला प्रीॲम्प जोरात चालवला की खालच्या स्वरांना येणारा भरीवपणा मात्र मला अजूनही यंत्रातच अधिक सहज मिळतो. एकदा बाहेर जाऊन परत येण्याने ध्वनीची प्रत घसरेल ही भीती सोडून द्यावी, कारण २४ बिटच्या आजच्या इंटरफेसमध्ये ते नुकसान कानाला जाणवण्याजोगे नसते.

सर्वांत मोठा फरक पडतो तो ॲम्प, स्पीकर आणि माइक या मार्गाने, आणि गंमत म्हणजे त्याला खर्चही सर्वांत कमी येतो, कारण गिटार ॲम्प आणि एक डायनॅमिक माइक अनेकांच्या घरी आधीच असतात. इंटरफेस आणि ॲम्प यांच्या मध्ये रीॲम्प बॉक्स, म्हणजे संकेत ॲम्पजोगा करणारी छोटी पेटी, हवाच. व्यावसायिक लाइन लेव्हल, म्हणजे +४ डीबीयू, साधारण १.२३ व्होल्ट असते, तर गिटार ॲम्पला त्याहून बराच क्षीण आणि वेगळ्या इम्पीडन्सचा (विद्युत अवरोधाचा) संकेत अपेक्षित असतो. रीॲम्प बॉक्स संकेत क्षीण करणे आणि इम्पीडन्स जुळवणे ही दोन्ही कामे करतो आणि त्यातला ट्रान्सफॉर्मर ग्राउंड लूपची (दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून तयार होणाऱ्या वळशाची) ५० हर्ट्झची घरघरही तोडतो. मी ऱ्होड्सचा ट्रॅक असा ॲम्पमधून काढतो तेव्हा माइक स्पीकरच्या मध्यापासून चार बोटे बाजूला सरकवला तरी वरचा चरचरीतपणा निघून जातो आणि स्वर गोल होतो. इक्वलायझरची बटणे फिरवून नेमका तोच गोलपणा मला कधी साधलेला नाही.

जोडणीआधी दोन गोष्टी तपासाव्यात. इंटरफेसला किमान चार आउटपुट हवेत, कारण पहिले दोन मॉनिटर स्पीकरकडे जातात आणि ध्वनी तिसऱ्या-चौथ्यातून बाहेर काढावा लागतो. परत येणाऱ्या ट्रॅकचे आउटपुट चुकून त्याच तिसऱ्या-चौथ्याकडे राहिले, तर ध्वनी गोल फिरत वाढत जातो आणि कर्कश शीळ उठते, म्हणून पहिल्यांदा आवाज अगदी कमी ठेवूनच सुरुवात करावी. दुसरी गोष्ट लेटन्सीची, म्हणजे ध्वनी जाऊन परत यायला लागणाऱ्या उशिराची. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा एक बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो ध्वनीचा तुकडा) म्हणजे २.६७ मिलिसेकंद, आणि जाण्यायेण्याचा एकूण उशीर त्याहून अधिक असतो. बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर हा उशीर मोजून भरून काढतात, तरीही एक छोटा टिकटिक आवाज बाहेर पाठवून, परत आलेला ट्रॅक मूळ ट्रॅकशेजारी ठेवून दोघांचे चित्र पडद्यावर मोठे करून ते जुळतात का हे पाहावे.

माझ्याकडे एकाच वस्तूपुरते बजेट असते, तर मी रॅकमधला कॉम्प्रेसर पुढे ढकलून आधी रीॲम्प बॉक्स घेतला असता. ॲम्पमधून काढलेल्या प्रत्येक ट्रॅकसोबत मी मिडी (कोणते स्वर कधी वाजले याची नोंद) आणि ॲम्पमधून न गेलेला कोरा ध्वनी, दोन्ही जपून ठेवतो आणि ॲम्पच्या बटणांचा व माइकच्या जागेचा फोनवर फोटो काढून तो त्याच प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये टाकतो, म्हणजे पट्टी बदलायची वेळ आलीच तर तोच ट्रॅक पुन्हा काढता येतो.