अमेरिकेत जुनं सामान दान करायचं की सरळ पैसे द्यायचे?
घर रिकामं करताना सोफा, कपडे, भांडी सगळं गुडविलला (दानातलं जुनं सामान विकणारी धर्मादाय संस्था) दिलं की टॅक्समध्ये सूट मिळते हे खरंय, पण फक्त आयटमाइझ करणाऱ्यांनाच, म्हणजे सरसकट ठरलेली सूट (स्टँडर्ड डिडक्शन) न घेता एकेक खर्च मांडून सूट घेणाऱ्यांना, आणि किंमत धरायची ती आज जुन्या बाजारात काय येईल ती, घेतली तेव्हाची नाही. वस्तू चांगल्या अवस्थेतलीच हवी. वर्षभराचं सामान 500 डॉलरच्या वर गेलं की रिटर्नसोबत फॉर्म 8283 (सामानाच्या दानाचा तपशील) आलाच. कळकळीने सांगते, पावतीवर बऱ्याचदा नुसती तारीख असते, यादी आपणच करायची, म्हणून खोके गाडीत टाकायच्या आधी सगळ्याचे फोटो काढा, "शर्ट 6, चांगले" असं लिहून ठेवा, ऑडिट लागलं तर तेच कामाला येतं.

पैशांचं सोपंय. बँकेची नोंद पुरते, 250 किंवा जास्त दिले तर संस्थेचं लेखी पत्र, ते सामानालाही लागतंच, आणि रिटर्न भरायच्या आधी हातात हवं. शिवाय 2026 पासून स्टँडर्ड डिडक्शनवाल्यांनाही 1000 डॉलरपर्यंत सूट आहे, नवराबायकोने एकत्र भरलं तर 2000, पण ती फक्त पैशांच्या दानाला, सामानाला नाही! त्यामुळे आयटमाइझ करत नसाल तर महागाच्या वस्तू विका आणि ते पैसे संस्थेला द्या, बाकीचं सूट मिळो न मिळो, देऊन टाका, कुणाच्या तरी घरात वापरलं जाईल.